परमिटवरची कुमुद

१९ सप्टेंबर, शुक्र.
ठरलं. ताडोबा. पुढच्या महिन्यात ११-१२, शनि-रवि. शाळेतली मैत्रीण नसीम, तिची मुलगी सना आणि मी. ह्यांचा गुडघा जिप्सीत चढणार नाही, म्हणून हे घरी. सनाने रजा टाकूनच फोन केला. ‘खाला, आता पाठ दुखते वगैरे चालणार नाही. अम्मी बॅग भरून बसलीय.’ तीन आठवडे आधी! नसीमच ती.
सनाने माझा आधारचा नंबर विचारला. चष्मा शोधून एकेक आकडा वाचून दाखवला. जंगलात शिरायला आता आधार लागतं.
हे म्हणाले, ‘वाघाला माझा नमस्कार सांग. दिसला नाही तरी सांग. तो आपल्याला बघतच असतो.’

२२ सप्टेंबर, सोम.
घट बसले. शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या होत्या. माळ्यावरून दुर्बीण काढली. एका डोळ्याने स्पष्ट दिसतं, दुसऱ्याने धुकं. गॅलरीतून खांदा कॉलनीच्या वाहनांचे नंबर वाचत बसले. पाव तास गेला.
नववीतली सहल आठवली. बोरिवलीचं नॅशनल पार्क, एक रात्र मुक्काम. पनवेलसारख्या गावातल्या मुलींना रात्रभर बाहेर नेणारी आमची कॉन्व्हेंटचीच एक शाळा. नसीम तेव्हा मामूंकडे राहायची. मामूंनी रात्रीचं नाव ऐकताच नाही म्हटलं. त्या दिवशी तिने डबा न खाता परत नेला. दुसऱ्या दिवशी मी नोटीसबोर्डवरच्या यादीतलं माझं नाव खोडरबराने खोडलं आणि सिस्टरना सांगितलं, पोटात दुखतंय. सिस्टर म्हणाल्या, ‘उद्या दुखणार आहे हे आज कळतं का तुला?’ बाकी काही नाही. डोक्यावर हात ठेवून गेल्या.
सगळ्या गेल्या. आम्ही दोघी बावडीच्या कट्ट्यावर बसून बोरं खाल्ली. चार रानमांजरं आणि एक माकड, एवढं पाहून आल्या म्हणे बाकीच्या. नसीम म्हणाली होती, मोठं झाल्यावर आपण खऱ्या जंगलात जाऊ. एकोणपन्नास वर्षं झाली.

२७ सप्टेंबर, शनि.
परमिट आलं, सनाने फोनवर पाठवलं. रविवार पहाटेची फेरी. तीन नावं. पहिलं नाव: कुमुद गुप्ते.
आधी कळेचना काय खटकतंय. किती छान दिसतंय, एवढंच वाटत राहिलं. दोन मिनिटांनी उमगलं. माझ्या आधारवर माधवी दोंदे आहे. पॅनवर, पासबुकावर, गॅसच्या पुस्तकावर, सगळीकडे.
सनाला फोन. बिचारी रडवेली. ‘खाला, मी लहानपणापासून तुम्हाला कुमुदखालाच म्हणते. अम्मीला आडनाव विचारलं, ती गुप्ते म्हणाली.’
परमिटच्या खाली छापलेला नियम वाचला. नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. एकदा दिलेलं नाव बदलत नाही. त्या दोन दिवसांच्या बाकी सगळ्या जागा भरलेल्या.
हे चष्मा लावून बराच वेळ बघत होते. ‘ही कुमुद गुप्ते कोण?’ मग स्वतःच म्हणाले, ‘आठवली. टपाल नाक्याजवळच्या घरात पोह्यांचा ट्रे घेऊन आली होती. दिसायला बरी होती. पुढे कुठे गेली कळलं नाही.’
हसले मी. पण...

२८ सप्टेंबर, रवि.
सनाने तिथल्या ऑफिसला फोन लावला. फोनवरचा माणूस भला होता. म्हणाला, जुन्या नावाचा काही कागद आणा, प्रतिज्ञापत्र आणा, सोडायचं की नाही ते गेटवरचे साहेब ठरवतील.
म्हणजे हजार कि.मी. जायचं आणि गेटवर कळायचं.
न.चा फोन. ‘तू नाही गेलीस तर मी पण नाही.’ म्हटलं, हे आपण एकदा करून झालंय. आता बोरंसुद्धा मिळत नाहीत या दिवसांत.

१ ऑक्टोबर, बुध.
कपाट उपसलं. शाळा सोडल्याचा दाखला सापडला, इंग्रजी, दुमडीवर फाटलेला. फोटो नाही त्यावर. त्या काळी कागद माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचे.
ह्यांनी लग्नाचा अल्बम काढला. एका फोटोत ताटातले तांदूळ, हे वाकून अंगठीने नाव लिहिताहेत. माझा चेहरा खाली, मुंडावळ्यांच्या आड. सासूबाईंनी ठरवलेलं: माधवला माधवी. जमवून आणलेल्या कपबशीसारखं. मला तेव्हा आवडलंही होतं. नवी साडी, नवं घर, नवं नाव.
हे म्हणाले, ‘तुला विचारलं होतं का गं कोणी?’
‘नाही. तुम्हांला?’
‘माझ्या हातात अंगठी दिली आणि सांगितलं, लिही. मी लिहिलं.’ अल्बमचं पान उलटत, ‘अक्षर तरी बरं काढायला हवं होतं.’
चहा मी ठेवणार होते, ह्यांनीच ठेवला. आलं जास्त झालं.
आई होती तोवर फोनवर ‘कुमे’ म्हणायची. ती गेल्यापासून न. आणि सना, दोनच माणसं.

४ ऑक्टोबर, शनि.
न. उरणहून आली. मोरा बंदरावरची सुकी कोलंबी, आणि स्वतःसाठी हिरव्या रंगाची टोपी. जंगलात भडक घालू नये असं कुठे तरी वाचलंय तिने. ओढणीवर टोपी घालून आरशासमोर उभी. ‘कशी दिसते?’ म्हटलं, तोंडल्याच्या वेलासारखी.
ह्यांनी तिला छेडलं, ‘नसीमबेन, तुम्हाला आमच्या घरातलं नाव माहीत नव्हतं का?’
‘माहीत आहे ना माधवभाई. तुमच्या नातवाच्या बारशाला मीच सगळ्यांना सांगत होते, माधवीची मैत्रीण. पण सनाने विचारलं, जंगलात येणाऱ्या खालाचं आडनाव काय? तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. माधवीने मला कुठे वचन दिलं होतं?’
हे तिला कोलंबीबद्दल विचारायला लागले.
जाताना दारात मला म्हणाली, ‘तेव्हा तू माझ्यासाठी नाव खोडलंस. आता मी वर, पहिलं लिहिलंय. बघते कोण खोडतंय.’

७ ऑक्टो., मंगळ.
तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाल्या बाईंकडे. पत्र्याखाली टेबल, कॉम्प्युटर, बाजूला गजरा काढून ठेवलेला. जवळच्या गावातल्या. मी सगळं सांगायला लागले तर थांबवलं. ‘मावशी, येवढं नको. नाव दोन, बाई एक. आमी रोज करतो.’
कागद आला. ‘मी शपथेवर लिहून देते की कुमुद गुप्ते व माधवी दोंदे या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.’
पेन हातात घेतलं आणि थांबले.
‘काय चुकलं?’
‘चुकलं नाही. खरं आहे का बघते.’
बाई मनापासून हसल्या. ‘त्ये घरी जाऊन बगा. हितं सही करा.’
शपथ सहज घेऊ नये, सिस्टरांनी शिकवलेलं. त्या कुमुदला पोहता येत होतं, भांडता येत होतं, खोडरबर घेऊन आपलं आपण ठरवता येत होतं. माधवीला पन्नास माणसांचा स्वयंपाक येतो, आणि ह्यांच्या खोकल्यावरून कळतं की रागावलेत की सर्दी आहे. एकीला दुसरी ओळखेल का? पण पाठ दोघींची दुखते. केली सही.
जुनी सही पण हवी म्हणाल्या. चाळीस वर्षांत केली नव्हती. हाताने आपोआप काढली, इंग्रजीत, गिरवून घेतलेला वळणदार ‘के’, शेपटीसकट.
निघताना बाई म्हणाल्या, ‘येक ध्यानात ठेवा. गेटवर नाव पुकारलं का लगेच हात वर करा. मागं बगायचं नाय. निम्म्या बाया आपलंच जुनं नाव आयकून मागं बगतात, कोन आली म्हनून. मंग सायबाला संशय येतो.’
‘तुमचं जुनं नाव काय?’
‘माजं?’ गजरा माळायला घेतला. ‘बेबी. आमच्यात बदलायला धड नावच ठेवलं नवतं कुनी.’

८ ऑक्टो., बुध.
ह्यांनी सराव मनावर घेतलाय. मी भाजी निवडत होते तर आतून, ‘कुमुद गुप्ते!’ मी गवार मोडत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, ‘नापास.’
दुपारी जिन्यात परत. या वेळी मी खरंच मागे पाहिलं. समोरच्या वहिनी चमकल्या. ‘माधवीताई, कोण आलंय?’ हे म्हणाले, ‘माहेरची पाहुणी आहे.’
संध्याकाळी मी गॅलरीत दुर्बीण पुसत असताना हे हळूच म्हणाले. पुकारल्यासारखं नाही. नुसतंच, ‘कुमुद.’ मी दुर्बीण पुसत राहिले, पण ऐकू आलं होतं.

९ ऑक्टो., गुरु.
तयारी. खाकी पंजाबी ड्रेस, स्वेटर, गोळ्या, शेंगदाण्याची चटणी, न.साठी मेथीचे ठेपले. प्रतिज्ञापत्र, दाखला, आधार, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. ह्यांच्यासाठी फ्रीजवर चिठ्ठी, कुकरच्या किती शिट्ट्या. त्यांनी खाली लिहिलं, ‘कळलं. दोघींनीही काळजी करू नये.’
सना विचारत होती, गेटवर नाही सोडलं तर? म्हटलं, तर तुम्ही दोघी आत जा, मी बाहेर चहा पिईन. न. मागून ओरडली, ‘ही परत पोटात दुखतंय सांगणार!’
नाही सांगणार या वेळी.

१० ऑक्टो., शुक्र., दु. ३.
सना आणि न. खाली गाडीत आहेत. कल्याणहून सहानंतरची गाडी, सकाळी नागपूर. परवा पहाटे गेट. तिथले साहेब कसे असतील कोण जाणे. बाई असली तर बरं. तिला सांगावं लागणार नाही.
एवढं लिहायला बसले तर हे दारात उभे, बॅग हातात. तीनदा हाक मारली म्हणे, माधवी म्हणून. शप्पथ, मला ऐकूच आली नाही.
चौथी हाक ‘कुमुद’. ओ दिली.