काकीला दिलेला खो

काकी,

मी इंदापूरला सामन्याला निघाले. तू झोपली व्हतीस, उठवलं न्हाय. भाकरी बांधून घेतलीय. काल सांडलेले तांदूळ निवडून डब्यात भरलेत. रागावू नको, मला खात्री करायची व्हती.

पाय मुरगळून पडले तवा तू मला ती खो-खोची बक्षिसाची ढाल चोरणाऱ्याची रहस्यकथा वाचून दाखवलीस. शेवटची पानं फाटलेली, म्हणून शेवट तूच रचलास. ‘मी खो-खो कधी खेळलोच न्हाय,’ म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीवर चोर शोधणारी पोरगी थाप मारून ‘खो!’ वरडती, आन् तो सवयीनं उठून पळत सुटतो. खोटं उघडं पडलं, चोर सापडला! मी म्हटलं, हे खेळल्याबिगर सुचायचं न्हाय. तर तू म्हणालीस, ‘मला बाई खेळातलं काय कळतंय!’

आन् काल? पाठीवर माझा खो बसला तशी हातातलं तांदळाचं सूप टाकून पळालीस, गोठ्याच्या खांबाला हात लावून वळलीससुद्धा! तात्या ओसरीवरनं बघत व्हते. सूप त्यांनीच उचलून ठेवलं.

तात्यांशी भांडून तू मला मैदानावर पाठवतीस. तुला तुझ्या येळी कुणी पाठवलं न्हाय, व्हय ना? तुझे उपकार मी जन्मात विसरायची न्हाय.

सामना दुपारी हाय. बारामतीच्या स्टँडवरनं इंदापूरची गाडी धर आन् ये. खो दिलाय काकी, आता बसून ऱ्हायचं न्हाय.

तुझी राजेश्वरी