चवीपुरती डायव्हर्सिटी

२ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. कारण निर्णय मोठा आहे आणि घरात डोकं शांत ठेवून विचार करणारा मी एकटाच.

बायकोला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलने बोलावलंय. डायलिसिस विभागाची मुख्य नर्स म्हणून. या परदेशात इतकी वर्षं नाइट ड्यूट्या करून तिचे डोळे खोल गेलेत, आता दिवसाची ड्यूटी मिळेल. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय. तुझं काय मत, म्हणाली. अभ्यास करून सांगतो, म्हटलं. ती नुसतं हं म्हणाली आणि डबा भरायला लागली. केवढा विश्वास माझ्यावर.

संध्याकाळ

मुद्दा ठरला. शहर बदलताना लोक पगार बघतात, पाणी बघतात, घरभाडं बघतात. मी बघणार वांशिक विविधता. म्हणजेच डायव्हर्सिटी. जिथे सगळी माणसं एका रंगाची, तिथे पोरीचं मन कोतं व्हायचं. या विषयात माझ्याइतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडणार नाही. मी रंगाच्या दुकानात शेड मिक्स करतो. नुसत्या पांढऱ्याच्या आमच्याकडे एकोणीस शेड आहेत. असा माणूस वर्णद्वेष्टा असणं तांत्रिकदृष्ट्याच शक्य नाही.

३ मार्च

मुलीला विचारलं, शाळा बदलली तर चालेल का. अकरा वर्षांची आहे. हो म्हणाली, इतक्या पटकन की मला जरा लागलंच. म्हणे, या शाळेत फोटो काढताना मला मधोमध उभं करतात, पण डबा खायला शेजारी कोणी बसत नाही.

आता बघा. अख्ख्या शाळेत आपल्यासारखी ती एकटी, आणि शाळेच्या माहितीपत्रकावर फोटो तिचाच. मी आईला दहा प्रती पाठवल्या होत्या. एवढा मान मिळूनही पोरीचं तोंड वाकडं. एकटीने खाल्लं की सावकाश खाल्लं जातं, अंगी लागतं, असं समजावलं. समजली असावी.

५ मार्च

दुकानात मालकांच्या कानावर घातलं की मी कदाचित शहर सोडेन. ते हातातलं काम टाकून माझी मनधरणी करतील असा अंदाज होता. म्हणाले, जाशील तेव्हा गोदामाची किल्ली आठवणीने दे. धक्का बसला की माणूस असं तुटक बोलतो.

मग डिलिव्हरी व्हॅन चालवणाऱ्या लंबूला गाठलं. लंबू काळा आहे आणि माझा जिवलग मित्र आहे, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. त्याच्या घरी अजून जाणं झालं नाही. तो बोलावतो, पण माझं गुडघ्याचं काहीतरी निघतं. त्याला विचारलं, त्या शहरात तुम्ही लोक साधारण किती असाल. कोण, ड्रायव्हर का, म्हणाला. तसं नव्हे रे, तुमचे. माझी एक बहीण आहे तिथे, म्हणाला आणि व्हॅनमध्ये रंगाचे डबे चढवायला गेला. लोकांना आकड्यांत बोलायची सवयच नाही. रिसर्च करणं म्हणजे खायचं काम नव्हे.

८ मार्च, रविवार

आईचा फोन. तिकडे कसले कसले लोक असतील, पोर वयात येतेय, जपून राहा, म्हणाली. माझं डोकंच फिरलं. माणूस सगळा एक, रक्त सगळ्यांचं लाल, असं चांगलं अर्धा तास सुनावलं. फोन ठेवता ठेवता सहज विचारलं की तू नेमकं कुठल्या लोकांबद्दल ऐकलंयस. माहिती असलेली बरी. नोंद करून घेतली.

१० मार्च

थिअरी तयार. डायव्हर्सिटी ही मिठासारखी असते. मुळीच नसेल तर अळणी, जास्त झाली तर घास गिळवत नाही. चवीपुरती हवी. बायकोला सांगितलं. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. यात आपण कोण, मीठ का, म्हणाली. अमूर्त विचार तिला झेपत नाही. मी म्हटलं, आपण जेवणारे. त्यानंतर ती बराच वेळ एकाच बाहीवर इस्त्री फिरवत होती.

११ मार्च

संकल्प: रोज एका तरी परक्या वंशाच्या माणसाशी दिलखुलास गप्पा. सुरुवात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यापासून. लिफ्टमध्ये मान हलवण्याइतकी ओळख आहे. बेल वाजवली. कोणीतरी बाईंनी दार उघडलं. तो शेजारी केव्हाच घर सोडून गेला म्हणे. मग मी लिफ्टमध्ये मान कोणाला हलवतो?

संकल्प पुढच्या आठवड्यापासून.

१४ मार्च, शनिवार, परतीच्या बसमध्ये

प्रत्यक्ष पाहणी केली. एकट्याने, बायकोची ड्यूटी होती. तीन वस्त्या बघितल्या. अक्षर हलतंय, पण निष्कर्ष ताजे असताना लिहिलेले बरे.

पहिली वस्ती आपल्याच लोकांची. चहाला टेकलो नाही तोच शेजारच्याने मूळ गाव, पगार, घर भाड्याचं की स्वतःचं, आणि एकच मुलगी का, हे सगळं विचारून घेतलं. चहा यायच्या आत. बाद. आपल्याच लोकांत राहायचं होतं तर घर सोडून इतक्या लांब आलो कशाला?

दुसरी सगळ्या गोऱ्यांची. झाडं, शांतता, कुत्रीसुद्धा हळू भुंकतात. आणि अगत्य किती म्हणून सांगू. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजीबाईंनी विचारलं, वाट चुकलात का. नाही म्हटलं. पुढच्या वळणावर परत भेटल्या, परत तेच विचारलं. शेवटी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आल्या आणि बस येऊन मी आत चढेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत आमच्या बिल्डिंगमध्ये मला कोणी दारापर्यंतसुद्धा पोचवलेलं नाही.

त्याच बसने तिसऱ्या वस्तीत उतरलो. हॉस्पिटल इथलंच, आणि बायकोने मुलीसाठी बघून ठेवलेली शाळाही इथलीच. काळे, गोरे, गव्हाळ, आणि कुठल्याच शेडकार्डात न बसणारे. न्हाव्याच्या दुकानात तीन-चार भाषांत भांडण जुंपलेलं आणि भांडणारे सगळे हसत होते. पाकीट मागच्या खिशातून काढून पुढच्या खिशात ठेवलं, कारण मागच्या खिशाची शिवण उसवत चाललीय, बरेच दिवस मनात होतं. शाळेच्या कुंपणापाशी उभा राहून आत खेळणाऱ्या पोरांचं रंगवार निरीक्षण करत होतो, तर शिपाई आला. काय काम आहे? म्हटलं, मुलं बघतोय. त्याचा चेहराच बदलला. खुलासा करता करता मला घाम फुटला. संशयी लोक.

वस्ती बाद. फारच मिश्र. इतकी मिश्र की आपण नेमकं कोणाला समजून घ्यायचं, तेच कळत नाही.

१५ मार्च

जेवताना अहवाल सादर केला. दुसरी वस्ती सर्वोत्तम. बायको म्हणाली, पण तिथे तुझी डायव्हर्सिटी कुठाय? म्हटलं, आपण राहायला गेलो की सुरू होईलच. मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, म्हणजे परत मीच. पाणी घ्यायला म्हणून उठली ती ताटावर आलीच नाही. बायको काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती. ठराव मंजूर.

१९ मार्च

दुसऱ्या वस्तीतल्या एका फ्लॅटसाठी दुकानातून फोन केला. घरमालकीण मोठी गोड बोलली. फ्लॅट रिकामा आहे, बघायला कधी येता? नाव विचारलं. सांगितलं. परत सांगितलं. मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. एक मिनिट हं, म्हणाली, आणि परत येऊन बघते तर फ्लॅट गेलेला. मी फोनवर असताना गेला. काय मागणी आहे त्या भागाला. म्हणजे माझी निवड बरोबरच होती.

जेवणाच्या सुट्टीत मालकांनी तोच नंबर स्वतःच्या नावाने फिरवला. मालक गोरे. फ्लॅट रिकामा आहे, बघायला कधी येता? मधल्या वेळात घेणाऱ्याचा बेत फिसकटला असणार. मी मालकांना तसं म्हटलं. ते माझ्याकडे बघेनात, कोरडा ब्रश पुसत बसले. मी दुपारभर तोच एक डबा ढवळत होतो. तो रंग लवकर मिसळत नाही.

२३ मार्च

घात झाला. बायको लंबूशी परस्पर बोलली. त्याची बहीण तिसऱ्याच वस्तीत राहते आणि वरचा मजला भाड्याने देते. काल मायलेकी जाऊन बघूनही आल्या. मला वाटलं होतं बाजारात गेल्यात. मी तातडीने दोन हरकती नोंदवल्या: जिना आणि गोंगाट. बायको म्हणाली, जिना न बघताच कळला का.

तरी मोठ्या मनाने मी लंबूच्या बहिणीला फोन केला. मुलाखत घ्यायला. सुरुवातीलाच सांगितलं, मी वर्णभेद अजिबात मानत नाही. बरं, मग बोला, म्हणाली. मी म्हटलं, आजूबाजूची वस्ती कशी काय आहे, म्हणजे आमच्यासारख्यांना, एवढ्यात तिनेच सुरू केलं. जिना झाडायची पाळी पाळाल का? फोनवर ओरडून बोलता का? तुमचे लोक भाड्यात फार घासाघीस करतात असं सगळे म्हणतात, पण मी तसं मानत नाही हं, मी माणूस बघून ठरवते.

अख्ख्या समाजाला एका मापाने मोजायचं? काय ही मनोवृत्ती. लंबूला जाब विचारणार होतो, पण तो दुपारभर शिट्टी वाजवत डबे चढवत होता, तेव्हा राहिलं.

३० मार्च

उद्या उत्तराची शेवटची तारीख. बायकोला स्पष्ट सांगितलं की अभ्यास अपुरा आहे, हॉस्पिटलकडून पंधरा दिवस मागून घे. ती म्हणाली, मी पत्र आलं त्याच सकाळी हो कळवलंय. मग मला मत कशाला विचारलंस? म्हणाली, विचारलं नसतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. शिवाय तुला काम मिळालं होतं, बरं वाटत होतं बघायला.

घरही ठरलंय. लंबूच्या बहिणीकडे. दोघींचं. म्हटलं, दोघींचं म्हणजे? तर ती बाई म्हणे, मायलेकींना मी भेटलेय, पण फोनवर बोलला त्या माणसाला आधी बघेन, मग ठरवेन. मी म्हटलं, हा सरळ सरळ अपमान आहे. बायको हो म्हणाली आणि मुलीची पुस्तकं खोक्यात भरायला लागली. निदान नाही तरी म्हणायचं.

४ एप्रिल, शनिवार

सामान गेलं. लंबूच्याच व्हॅनमधून. मी मागे राहिलो तो केवळ अभ्यास पूर्ण करण्यासाठी. मुलगी पुढच्या सीटवर बसली होती, गाणं म्हणत होती. ती गाते हे मला माहीत नव्हतं.

६ एप्रिल

दुकानात एकच पांढरा दोनदा चुकला. गिऱ्हाईक म्हणालं पिवळट आहे, आणि होताच. घरी आल्यावर कोणाशी तरी भांडावंसं वाटत होतं. कोणी नाही. थिअरी कोणाला सांगायची?

९ एप्रिल

मुलीचा फोन. शाळेत आता पाचजणी मिळून डबा खातात. एक तर न विचारता हिच्या डब्यात हात घालते, आणि ही ते इतक्या कौतुकाने सांगत होती. मी विचारलं, कोण कोण आहेत, म्हणजे कुठल्या? विचारलं नाही, म्हणाली. बरं, दिसायला कशा आहेत? जरा विचार करून म्हणाली, एक बुटकी आहे. हिच्या शिक्षणात निरीक्षण हा विषय कच्चा राहिलाय.

मग हळूच म्हणाली, बाबा, रविवारी येशील ना, तेव्हा मतं मांडू नकोस, फक्त हो किंवा नाही म्हण. मी बरं म्हटलं. घर फार मोठं वाटतंय.

११ एप्रिल, शनिवार

उद्या लंबूच्या बहिणीसमोर हजर व्हायचंय. शर्टाचा प्रश्न होता. गडद निळा नको. फिकट क्रीम ठरवला, त्यात मी जरा उजळ दिसतो. वर्णभेद मानत नाही हे वाक्य आरशासमोर तीन प्रकारे म्हणून बघितलं. दुसरा प्रकार जास्त मनापासून वाटतो.

१२ एप्रिल, रविवार

खुर्ची दिली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. बायको आणि मुलगी बाजूला उभ्या. लंबूची बहीण बराच वेळ नुसती बघत होती. मी गप्पच बसणार होतो, पण ते वाक्य तोंडातून निघालंच. तेही पहिल्या प्रकाराने.

बाईंनी ऐकून घेतलं. मग माझ्याशी न बोलता मुलीकडे वळल्या आणि विचारलं, कसा आहे गं तुझा बाबा?

मुलगी म्हणाली, वाईट नाहीये. त्याला माणसांची सवय नाहीये, एवढंच.

बाईंनी मान हलवली. हसल्या नाहीत. म्हणाल्या, तीन महिने ठेवून बघू.

यावर मला पुष्कळ काही लिहायचंय. मुद्दे तयार होते. मगापासून पेन धरून बसलोय.