कोरी ठेवलेली ओळ

१२ नोव्हेंबर
शनिवार, सकाळ

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. हिचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम समज. तुझं गेल्या महिन्याचं पत्र मिळालं. "प्रकृती बरी. हवा बरी." एवढंच. मी ते दोनदा उलटून पाहिलं, मागे काही असेल म्हणून.

बातमी ही की मी पास झालो. सोमवारपासून हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर रुजू. या वयात पुन्हा पास-नापासाचं टेन्शन घेतलं मी! सकाळी यादीत नाव दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

मागे लिहिलं होतं, पण तू काही विचारलं नाहीस म्हणून पुन्हा सांगतो. मी चॅप्लेनचं शिक्षण घेत होतो. औषध देणारा नाही, उपदेश करणारा तर मुळीच नाही. आजारी माणसाजवळ, त्याच्या घरच्यांजवळ जाऊन बसणारा. कुणाला प्रार्थना हवी असेल तर ती, कुणाला शिव्या घालायच्या असतील तर त्या ऐकायच्या. नऊ महिने शिकवतात हे. मी पहिल्या दिवशी मनात म्हटलं, बसायला काय शिकायचं?

ताई, सव्वीस वर्षं बस डेपोच्या चौकशी खिडकीत काढली मी. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार. "साडेचारची गेली, पुढची सहाला, फलाट तीन." यावरूनच तू मला चौकशीबाबू म्हणायचीस. तर तोच चौकशीबाबू पेशंटच्या उशाशी बसला. सहा नंबरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "मी घरी जाईन का हो?" आणि मी लगेच म्हणालो, "जाल की! आठवड्याभरात!" डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं ते मी सांगून मोकळा.

आता आमच्या वर्गाच्या बाईंची पद्धत ऐक. या आधी तीस वर्षं नर्स होत्या, नजर अजून इंजेक्शनच्या सुईसारखी. पेशंटला भेटून आलं की झालेलं सगळं बोलणं आठवून कागदावर उतरवायचं. त्या कागदाला त्या 'जसंच्या तसं' म्हणतात. डावीकडे तो काय बोलला, मी काय बोललो, मध्ये कोण खोकलं, कोण गप्प बसलं. उजवीकडे समास, त्यात 'मनात' म्हणून लिहायचं. माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते. मग तो कागद सगळ्या वर्गासमोर वाचायचा.

मी काय केलं असेल? घरी बसून कागद सजवला. "मी: (शांतपणे) तुम्हाला घराची आठवण येते का?" वगैरे. वाचतानाही सुरेख वाचला. बाई म्हणाल्या, "एवढं सुंदर बोलणारा माणूस मला तीस वर्षांत भेटला नाही. आणि हे वाक्य माझ्या परवाच्या तासातलं आहे. आता खरं काय बोललात ते सांगा."

वर्ग खो-खो हसला. मी आठवड्याचं आश्वासन कबूल केलं.

"आणि उजवी बाजू कोरी का?"

म्हटलं, "मनात काही नव्हतं, बाई."

"मग तिथे बसलं कोण होतं?"

त्या दिवसापासून माझी बोलती हळूहळू बंद होत गेली. हिला वाटलं मी आजारी पडलो. चहा देताना कपाळाला हात लावून बघायची.

बाकी काय लिहू? बाल्कनीतल्या कुंडीत काहीतरी उगवलंय, काय ते कळत नाही. शेजारच्यांनी दार निळं रंगवलं. ताई, मी उगाच लांबण लावतोय. तुला ते कळलंच असेल.

गेल्या महिन्यात चौदा नंबरला एक सुतार होता. पाच महिने अंथरुणाला. त्याची बायको बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या नळाशी उभी होती, हातात बाटली, पण भरत नव्हती. मी शेजारी जाऊन थांबलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेब, हे आता लवकर संपावं असं वाटतं मला. मी वाईट बाई आहे का?"

उत्तर जिभेवर आलं होतं. एक नाही, चार आली होती. "छे छे, असं मनात आणू नका", "सगळं नीट होईल", सगळी खिडकीतली. मी जीभ दाताखाली धरली आणि नळाकडे बघत राहिलो. मग ती बोलायला लागली. खुर्चीत झोपून मान आखडलीय. त्याने उभ्या जन्मात एक फळी वाकडी कापली नाही. आता चमचा धरता येत नाही म्हणून तिच्यावर ओरडतो. त्याचा राग येतो, त्याची दया येते, दोन्ही एकाच वेळी. बोलता बोलता ती रडली आणि शेवटी चक्क हसली. बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "बरं झालं, तुम्ही मध्ये बोलला नाहीत."

तो कागद मी खरा लिहिला. उजव्या बाजूला एवढंच होतं: "ताई. स्वयंपाकघर."

बाईंनी विचारलं, "ताई कोण?" "मोठी बहीण." त्या म्हणाल्या, "त्या स्वयंपाकघराचा कागद लिहिलाय का कधी?"

लिहिला नव्हता. आज लिहितोय. चार वर्षांपूर्वीची दुपार. भावोजी सकाळी गेले होते. बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती.

ताई: दार लोटून घे जरा.
(मी दार लोटलं.)
ताई: मला रडू येत नाहीये रे.
मी: धक्का बसलाय तुला. येईल.
ताई: तसं नाही. मला... मला बरं वाटतंय.
मी: शू! ताई! असं बोलतात का? भावोजींना काय वाटेल?
ताई: अरे, ऐक तरी. मला
मी: चल, तोंड धू. बाहेर चल.
ताई:

शेवटची ओळ कोरी आहे, कारण ती मी तुला बोलूच दिली नाही. तू तोंड धुतलंस, बाहेर जाऊन बसलीस आणि लोकांना हवं होतं तेवढं रडलीस. त्यानंतर चार वर्षं तू मला हवापाणी लिहितेस.

आता उजवी बाजू. मनात.

ताई, मला भीती वाटली ती लोकांची नव्हती. भावोजी अंथरुणाला होते त्या अकरा महिन्यांत मी तुझ्याकडे तीनदा आलो. तीनदाच. बाकी वेळी तुझा फोन वाजला की मी उचलायचं टाळायचो, आता तू बोलावणार म्हणून. ते गेल्याचं कळलं तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. तू रात्रंदिवस केलंस, तुला तो हक्क होता. मी काहीच केलं नव्हतं. तू माझ्या मनातलंच बोललीस आणि मला माझी लाज वाटली, म्हणून मी तुझं तोंड बंद केलं.

सोमवारी मी परक्यांच्या उशाशी गप्प बसायला जाणार, त्याचा पगारही मिळणार. तुझ्याजवळ मला दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही. चुकलो मी, ताई.

कागद सोबत वेगळा जोडलाय. ती ओळ भर, नाही तर कोरीच परत पाठव, नाही तर फाडून टाक. काहीही केलंस तरी मी मध्ये बोलणार नाही.

उत्तराची वाट बघणारा,
तुझा धाकटा

१९ नोव्हेंबर

चौकशीबाबू,

तुझा कागद मिळाला. तपासून परत पाठवतेय.

एक चूक आहे. "भावोजींना काय वाटेल" याच्या आधी तू "लोक काय म्हणतील" हेही म्हणाला होतास. ते गाळलंस. तुझ्या बाईंना सांग, याचा अर्धा मार्क कापा.

ओळ भरलीय. पण कागद पोस्टात हरवला तर, म्हणून इथेही लिहिते.

ताई: मला भूक लागलीय.

एवढंच म्हणायचं होतं रे. अकरा महिने मी उभ्याने जेवले. एक कान सतत आत. त्यांना काही हवं असलं की ग्लासवर चमचा वाजवायचे, माहीत आहे ना तुला. घास तोंडात आणि चमचा वाजलाच. त्या दुपारी शेजारणीने डबा आणून ओट्यावर ठेवला होता, आणि माझ्या लक्षात आलं की आता चमचा वाजणार नाही. खुर्चीत बसून, सावकाश जेवावं असं वाटलं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. तरीही भूक लागली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. नंतर चार वर्षं वाटत राहिलं, नवरा गेल्यावर जिला भूक लागली अशी जगात मी एकटीच. त्या सुताराच्या बायकोचे माझ्या वतीने आभार मान. ती आता जेवते ना, तेही बघ.

तुझी उजवी बाजू वाचली. तू तीनदाच आलास ते मला माहीत होतं, मी काय मोजलं नसेल? राग होता. पण तुला स्वतःची लाज वाटली होती हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तुला माझी लाज वाटली. त्या दोन्हींत फार फरक आहे, चौकशीबाबू. काल पत्र वाचून झालं आणि मी तशीच खुर्चीत बसून राहिले. मग गार झालेला चहा पुन्हा गरम करून प्याले. बसून.

पुढच्या रविवारी ये. बायकोलाही आण, गुडघ्यांसकट. स्वयंपाकघरातच बसू, दार उघडं टाकून. येताना तोंड घेऊन ये, पण फक्त जेवायला. बोलणार मी आहे.

ताई