घरातलं एक मत

ता. अकोले,
२६ डिसेंबर २०२२

प्रिय रेश्माताईस,
ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

दाजींची पाठ कशी आहे? नागापूरला थंडी फार, कंपनीत रात्रपाळीला स्वेटर घालून जा म्हणावं. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. हल्ली हे घरातल्या सगळ्यांचे मोबाईल तपासतात, म्हणून पत्र.

ग्रामपंचायतीत हे एका मताने पडले, ते कळलंच असेल. खालच्या आळीची दगडाबाई निवडून आली. आधी ह्यांनी मशीनवर खापर फोडलं. तहसीलात साहेबांनी सील दाखवलं, पुन्हा मोजून दिलं, आकडा तोच. मग संशय केंद्रावरच्या बाईंवर. त्या बिचाऱ्या परगावच्या शिक्षिका, इथे कुणाला ओळखतही नाहीत. शेवटी ह्यांनी साहेबांनाच विचारलं, आमच्या घरातली मतं कुठे गेली तेवढं सांगा.

साहेब म्हणाले, "ते मलाही कळत नाही. कुणाला कळू नये, हेच तर निवडणूक आयोगाचं काम."

तेव्हापासून जेवताना कुणी मान वर करत नाही. संशय आता धाकट्या दिरावर, कल्याण भाऊजींवर येऊन थांबलाय, कारण मतदानाला ते दगडाबाईच्या मुलाच्या गाडीवरून आले होते.

"रविवारी खंडोबापुढं समद्यांनी बेल-भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची," हे म्हणाले. "जो न्हाई म्हनंल, त्यो घराबाहेर."

भाऊजी नाही म्हणाले. मत माझं, देवाला मधे कशाला, एवढंच बोलले. झालं, चोर तेच ठरले. जाऊबाई सामान बांधतेय.

ताई, मागच्या वेळी निवडून आल्यावर ह्यांनी नुसत्या संशयावरून खालच्या आळीचं पाणी तोडलं होतं. मत दिलं नसेल, एवढाच गुन्हा. त्या बायका आपल्या विहिरीवर यायच्या आणि त्यांना हाकलायचं काम माझ्याकडे. दगडाबाई गरोदर सुनेला घेऊन आली, तेव्हाही मी रिकामी कळशी परत पाठवली. मला त्याची फार लाज वाटते. बटण दाबताना तेच डोळ्यांपुढे होतं.

आता कळलं असेल तुला.

आयोगाने माझं मत झाकून ठेवलं, त्यांचे उपकारच. मी गप्प बसले तर कुणाला कधी कळणारही नाही. पण भाऊजींचं घर मोडून मला माझं राखायचं नाही. रविवारी भंडारा पहिला मी उचलणार आणि खरं सांगणार.

हे पत्र दाजींना दाखवू नकोस. त्यांचं आणि ह्यांचं रोज बोलणं असतं. बघ, संशय मलाही चिकटलाय.

सोमवारी दार वाजलं तर मीच असेन. काढून दिलं की स्वतः निघाले, ते दारात विचारू नकोस. आधी आत घे.

तुझ्याच भरवशावर,
ज्ञानू