नोंदीत नसलेला अर्ज

ऐरोली, गुरुवार

प्रिय क्षिप्रा,

कार्यालयात तू मला ‘सर’ म्हणावेस, हा नियम मीच घातला होता. त्या शुक्रवारी तू तो मोडलास. टेबलाशी येऊन हळूच म्हणालीस, “मामा, ऑपरेटिंग सिस्टीमचं हे अपडेट आठवडाभर थांबव ना. क्लाउडवर नवीन मशीन उभं होताना ते मध्येच एक प्रश्न विचारतं आणि उत्तराची वाट बघत बसतं. तिथे उत्तर द्यायला माणूस कुठला?” मी बी.कॉम. झालेला माणूस, तुमची यंत्रे मला कळत नाहीत, परवानगीचे नमुने कळतात. लेखी आण, म्हणालो. अर्ध्या तासात तू अर्ज आणलास. ‘दुसऱ्या कोणी पडताळले’ हा रकाना रिकामा होता. त्या कामावर तुझ्याबरोबर दुसरे कोणी नव्हतेच, हे ठाऊक असूनही मी अर्ज नोंद न करता परत दिला. “मामा लग्नपत्रिकेवरसुद्धा शेरा मारून परत पाठवेल,” असे पुटपुटत तू गेलीस. खरे सांगतो, मला ते आवडले होते.

शनिवारी अपडेट ठरल्याप्रमाणे झाले. सोमवारी त्या विमा कंपनीसाठी चाळीस मशीन उभी करायची होती. एकही सुरू झाले नाही; सगळी त्याच प्रश्नापाशी अडकली. त्यांची माणसे दुपारपर्यंत हात बांधून बसली. चौकशीत आपले संचालक विलासराव यांनी मला एवढेच विचारले, की क्षिप्राने आधी सूचना दिली होती का. मी म्हणालो, “नोंदीत तसा अर्ज नाही.” त्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि म्हणूनच ते माझे सर्वांत काळजीपूर्वक रचलेले असत्य होते. परत केलेला कागद तुझ्या फाइलमध्ये होता. तू माझ्याकडे पाहिलेस आणि फाइल उघडली नाहीस. भर बैठकीत मामा खोटा पडू नये म्हणून तू गप्प बसलीस, हे मला तत्क्षणी कळले. मी ते चालू दिले. सूचना दिली नाही, या ठपक्यावरून आठवड्यात तुझी नोकरी गेली.

भाऊबीजेला कामोठ्याला आलो, तेव्हा ओवाळता ओवाळता सुमेधा म्हणाली, “दादा, तू शब्द टाकून नोकरी लावलीस आणि आमच्या पोरीने तुलाच मान खाली घालायला लावली रे. माफ कर.” तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. मी बहिणीला म्हणालो, “असू दे.” याहून हलके मी आयुष्यात काही बोललेलो नाही.

आज सकाळी विलासरावांना लेखी निवेदन दिले: अर्ज आला होता, मी परत केला, चौकशीत लपवला. तुझ्या नावावरचा ठपका काढण्याचे त्यांनी मान्य केले आहे. माझे काय करायचे, ते ठरवतील. कागदावर कबुली देणे मला जमते. सुमेधाला तोंडाने सांगणे अजून जमलेले नाही. त्यासाठी रविवारी येतो आहे, आणि हे पत्र त्याआधी तुझ्या हाती पडावे म्हणून लिहिले. ती चिडेल, कदाचित दार दाखवेल. तेव्हा “जाऊ दे गं आई, माझंही चुकलं,” असे म्हणत तू मध्ये पडशील, याचीच मला धास्ती आहे. तसे करू नकोस. तिला पूर्ण बोलू दे.

तुझाच,
मधुकरमामा