एका पायावर दहा सेकंद

५ जानेवारी, सकाळ
नवी वही. संकल्प: पहिलीच्या बत्तीस मुलांची लंगडी, उडी, झेल आणि एका पायावर दहा सेकंद उभं राहणं महिन्याभरात पक्कं करायचं. सहा फेब्रुवारीला शिक्षण खात्याची तपासणी. बाकीचे शिक्षक फळ्यावर शिकवतात. मी पी.टी.चा सर, स्वतः करून दाखवतो. एकोणीस वर्षांत तोल गेलेला नाही.

८ जानेवारी
आज गेला. मैदान ओबडधोबड. मुख्याध्यापिकांना लेखी कळवलं.

१३ जानेवारी
मैदान सपाट झालं. पुन्हा पडलो. आता कारण सापडलं: बूट. डाव्याचा तळ पुढून पार झिजलाय, उजवा नव्यासारखा. हल्ली जोडीतले दोन बूटसुद्धा एका दर्जाचे नसतात. नवे घेतले.

१९ जानेवारी
नवा डावाही झिजायला लागला. दुकानदाराला झापलं. घरी ही म्हणते, बुटाचं काही नाही, तुमचा पाय घासतोय, डॉक्टरांना दाखवा. हिला म्हणालो, मी शरीरशिक्षणाचा माणूस, शरीर माझ्याकडे शिकायला येतं. वाक्य झकास जमलं. ही हसली नाही.

२२ जानेवारी
झेलाचा तास. वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी, तिला सगळे फुलस्टॉप म्हणतात. तिने टाकलेला चेंडू माझ्या हातून तीनदा सुटला. तिला नेम कसा धरायचा ते समजावलं. म्हणते, सर, तुमचा हात उशिरा येतो. मुलं फार उलट बोलायला लागलीत.

२६ जानेवारी, सकाळ
शर्टाची बटणं लावायला सात मिनिटं. काजं लहान शिवलीत. शेवटी हिने लावून दिली. काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

३० जानेवारी
मुलांची प्रगती थक्क करणारी. बत्तीसच्या बत्तीस एका तालात. टप्, मग खर्र. टप्, खर्र. वर्गशिक्षिका बराच वेळ खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. जळतात.

६ फेब्रुवारी, दुपार
तपासणी झाली. अधिकारी बाईंनी रांग मध्येच थांबवली. विचारलं, सगळीच मुलं डावा पाय मागे का ओढतायत? मी म्हणालो, नवी पद्धत आहे. फुलस्टॉप म्हणाली, सर करतात तस्संच आम्ही करतो. मग अधिकारी बाईंनी मला मैदानाच्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. चाललो. मुलं न सांगता मागून निघाली. खर्र, खर्र, खर्र. कुणी हसलं नाही. वर्गशिक्षिका पाठ फिरवून उभ्या. अधिकारी बाईंनी शेरा न लिहिताच फाइल मिटली. लिहिण्यासारखी चूक सापडली नसणार.

९ फेब्रुवारी
न मागता महिन्याची रजा मिळाली. शाळेला माझी कदर आहे.

१६ फेब्रुवारी
तीन दिवस हॉस्पिटलात तपासण्या चालल्या. आज रिपोर्ट. हिच्या समाधानासाठी गेलो. ही बाहेर बाकावर बसली, मी एकटाच आत गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. आजाराचं नाव सांगितलं, लांबलचक, इंग्रजी. मी विचारलं, गोळ्या किती दिवस? रजा मोडून सोमवारी जॉइन होऊ का? डॉक्टर म्हणाले, बाहेर मिसेस आहेत ना, त्यांनाही आत बोलावू.
मी लगेच उठलो, हिला हाक मारायला.
ते म्हणाले, तुम्ही बसा.
बसलो.