सात नंबरची बरणी

बाई, आज प्राचार्यांशी कडाक्याचं भांडून आले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडताना आवाज तुमचाच निघाला.

तपासणी समिती येणार म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतलं तुमचं कपाट रिकामं केलं. रेवदंड्याच्या जेट्टीवरून एकेक मासा आणून, शेपटीला नंबर बांधून तुम्ही फॉर्मालिनमध्ये ठेवलात, त्या सगळ्या बरण्या जिमखान्यामागे उन्हात पडल्या होत्या. वर मलाच म्हणतात, "मॅडम, वास येतो हो. आणि डीएनए कॉम्प्युटरवर आहे ना? मग हे मेलेले मासे कशाला?" मेलेले! यांना काय पोहणारे हवे होते? खाडीतले बोय मासे दिसायला सगळे सारखे. उद्या कुणी म्हटलं की जात चुकली, तर खवले मोजायला, पराचे काटे मोजायला मासा नको समोर? पण गाढवापुढे वाचली गीता.

जेट्टीवरच्या कोळणीला तुम्ही हे एका वाक्यात पटवलं होतं. मी पिशवी धरून शेजारी उभी आहे, ती विचारते, "बाय, खायाचा न्हाय, मंग येवरा निवडून कशाला नेतंस?" तुम्ही म्हणता, "अगं, कुणी मला खोटं म्हटलं तर हा साक्षीला हवा." ती हसली, पण तेव्हापासून खवलं न खवलं शाबूत असलेला मासा तुमच्यासाठी बाजूला ठेवायला लागली.

बरण्या मी एकटीनं उचलून आत आणल्या. सात नंबरची आधी, कारण परवाच केरळातल्या एका संशोधक मुलीचा ईमेल आलाय. मी विद्यार्थिनी असताना नोंदवलेल्या त्या बोयचा डीएनए तिला भलत्याच जातीचा वाटतो. मासा एकदा तपासाल का, असं विचारते.

बाई, बरणीत तो मासा नाहीच. त्या रविवारी डीएनएसाठी पराचा तुकडा कापून मी कुपीत घातला आणि मासा घरी फ्रिजमध्ये ठेवला. आईनं त्याचं कालवण केलं. सोमवारी मी दुसरा बोय विकत आणला, त्याचाही पर तिथंच कापला आणि सात नंबर बांधला. तुम्ही बरणी उजेडात धरून म्हणालात, "नीट काम केलंस हो."

प्राचार्यांना वाट्टेल ते बोलले, त्या मुलीला मात्र अजून एक ओळ लिहिलेली नाही. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही वाचणार नाही. आणि आईला मी कधी काही बोलले नाही, कारण तो कापलेला पर मला ताटातच दिसला होता. तरी मी जेवले.